बायसेक्शुअल आणि पॅनसेक्शुअल: फरक नेमका कुठे आहे?

इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२१ मध्ये झालेल्या जनगणनेत सोळा वर्षे व त्यावरील नागरिकांना त्यांच्या लैंगिक कलाविषयी प्रथमच प्रश्न विचारण्यात आला. उत्तर देणे ऐच्छिक होते. अर्जावर चार चौकटी होत्या: भिन्नलिंगी, गे किंवा लेस्बियन, बायसेक्शुअल आणि ‘अन्य’. ‘अन्य’ निवडणाऱ्याने आपला शब्द पुढच्या मोकळ्या जागेत स्वतः लिहायचा होता. सुमारे ६ लाख २४ हजार जणांनी बायसेक्शुअलच्या चौकटीवर खूण केली, तर हजारो जणांनी तयार पर्याय सोडून मोकळ्या जागेत ‘पॅनसेक्शुअल’ असे लिहिले. बायसेक्शुअल या शब्दाचा आज रूढ असलेला व्यापक अर्थ, म्हणजे एकापेक्षा अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी आकर्षण वाटणारा माणूस, हा घेतला, तर या माणसांना आधीच्या चौकटीवर खूण करायला हरकत नव्हती. उलट, बायसेक्शुअलवर खूण करणाऱ्यांपैकी किती जण एरवी स्वतःला पॅनसेक्शुअल म्हणवतात, हे त्या आकड्यांतून कळत नाही. तरीही एवढ्या लोकांना वेगळा शब्द लिहावासा वाटला. तो का, आणि या दोन शब्दांमधला फरक खरोखर कुठे आहे, हे नीट समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

त्याआधी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून घ्याव्या लागतात, कारण मराठीत त्या तिन्हींसाठीचे शब्द एकमेकांसारखे दिसतात आणि जाणत्या वाचकाचाही गोंधळ उडतो. बाळ जन्मल्यावर त्याच्या शरीराकडे पाहून नोंदवले जाते ते लिंग. आपण स्त्री आहोत, पुरुष आहोत, दोन्ही आहोत किंवा यांपैकी काहीच नाही, असे जे माणसाला आतून जाणवते तो लिंगभाव. आणि आपल्याला कोणाविषयी प्रेम किंवा शारीरिक ओढ वाटते, तो लैंगिक कल. भारताच्या २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला ‘इतर’ असा पर्याय होता आणि त्याखाली ४ लाख ८७ हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. पण ती नोंद व्यक्ती स्वतः कोण आहे याची होती, तिला कोण आवडते याची नव्हती. बायसेक्शुअल आणि पॅनसेक्शुअल हे दोन्ही शब्द आवडण्याविषयीचे आहेत. म्हणूनच बायसेक्शुअल व्यक्तीला ‘उभयलिंगी’ म्हणणे चूक ठरते, कारण त्या शब्दातून शरीराची दोन्ही लक्षणे असल्याचा अर्थ निघतो. छापील मराठीत ‘उभयलैंगिक’ हा शब्द रुळला आहे आणि पॅनसेक्शुअलसाठी ‘सर्वलैंगिक’ असा शब्द अधूनमधून वाचायला मिळतो. परंतु ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे ती मंडळी बोलताना ‘बाय’ आणि ‘पॅन’ असेच म्हणतात, त्यामुळे इथेही तेच शब्द वापरले आहेत.

बायसेक्शुअल म्हणजे ज्याला स्त्रिया आणि पुरुष दोन्ही आवडतात असा माणूस, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण अपुरे आहे. अमेरिकेतील बाय चळवळीत अनेक वर्षे काम केलेल्या रॉबिन ऑक्स यांनी केलेली मांडणी आज जगभर वापरली जाते आणि मला ती सर्वांत नेमकी वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की एकापेक्षा अधिक लिंगांच्या किंवा लिंगभावांच्या व्यक्तींविषयी आकर्षण वाटण्याची क्षमता आपल्यात आहे हे ज्याला मान्य असते तो बायसेक्शुअल. मात्र हे आकर्षण एकाच वेळी वाटायला हवे असे नाही, एकाच प्रकारे वाटायला हवे असे नाही आणि सारख्याच प्रमाणात वाटायला हवे असेही नाही. या तीन ‘नाहीं’मध्ये बाय लोकांविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे उत्तर आहे. एखाद्या पुरुषाला आयुष्यात पाच-सहा वेळा प्रेम वाटले, त्यांपैकी पाच वेळा स्त्रीविषयी आणि एकदाच पुरुषाविषयी, तरी तो बाय असू शकतो. एखाद्या स्त्रीला पुरुषांविषयी शारीरिक ओढ सहज वाटते, पण मन मात्र स्त्रियांतच गुंतते, तरी ती बाय असू शकते. एखाद्याने विशी समलिंगी नात्यात घालवली आणि चाळिशीत तो बायकोबरोबर सुखाने संसार करतो आहे, तरी त्याच्या कलात काही बदल झाला असे समजण्याचे कारण नाही.

या व्याख्येत ‘दोन’ हा आकडा कुठेच नाही, आणि ‘बाय’ या पूर्वपदाचा अर्थ तर दोन असा आहे, मग हे कसे, असा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. हा शब्द आधी वनस्पतिशास्त्राचा होता. ज्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात त्या फुलासाठी तो वापरला जाई. माणसाच्या आकर्षणासाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकीय लेखनातून आला, आणि तो देणारे डॉक्टर स्त्री आणि पुरुष या दोनच खान्यांत विचार करणारे होते. पुढे ज्या लोकांना तो लागू होता त्यांनीच तो हाती घेतला आणि त्याचा अर्थ वाढवला. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बाय गटाने जो जाहीरनामा लिहिला, त्यात बायसेक्शुअॅलिटी ही दोन भागांत वाटलेली आहे असे गृहीत धरू नका आणि लिंगभाव दोनच असतात असेही गृहीत धरू नका, असे स्पष्टपणे बजावलेले आहे. म्हणजे स्त्री-पुरुष या चौकटीपलीकडच्या माणसांना बाय चळवळीने अलीकडे, पॅन हा शब्द गाजू लागल्यावर सामावून घेतले, असे नाही. ती जाणीव तिच्या लेखनात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच आलेली होती.

पॅन या शब्दाची वाटचालही अशीच वळणावळणाची आहे. ‘सर्व’ या अर्थाच्या ग्रीक पूर्वपदावरून तो तयार झाला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मुख्यतः सिग्मंड फ्रॉइड यांच्यावरील टीकेत भेटतो. माणसाच्या प्रत्येक वागण्यामागे कामप्रेरणाच पाहणारे मत, असा त्याचा तेव्हाचा अर्थ होता. आजच्या अर्थाने तो इंटरनेटच्या काळात पसरला आणि २०१० नंतरच्या दशकात वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला. अमेरिकी गायिका जनेल मोने यांनी २०१८ मध्ये एका मुलाखतीत सांगितले, की त्या आधी स्वतःला बायसेक्शुअल समजत होत्या, नंतर पॅनसेक्शुअॅलिटीविषयी वाचनात आले आणि त्यातही आपले काही सापडते असे त्यांना वाटले. ब्रिटनच्या खासदार लायला मोरन यांनी जानेवारी २०२० मध्ये, स्त्री जोडीदाराबरोबरच्या नात्याविषयी उघडपणे बोलताना, आपण पॅनसेक्शुअल असल्याचे जाहीर केले. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याच्या शारीरिक वैशिष्ट्यांना महत्त्व नसून त्या व्यक्तीला महत्त्व आहे, असा अर्थ त्यांनी त्या वेळी सांगितला. या दोन उदाहरणांत एक बारीक भेद आहे. मोने यांनी जुना शब्द चुकीचा होता असे म्हटले नाही, दुसरा शब्दही जवळचा वाटला एवढेच सांगितले. मोरन यांनी मात्र आपल्या आकर्षणाचे स्वरूप काय आहे ते सांगितले, आणि दोन शब्दांमधला खरा फरक समजून घ्यायचा तर याच दिशेने जावे लागते.

फरक असा आहे. बाय हा शब्द आकर्षणाचा विस्तार सांगतो: माझे आकर्षण एकाच लिंगभावापुरते थांबत नाही. पॅन हा शब्द त्या विस्ताराबरोबर आकर्षणाची रीतही सांगतो: माणूस आवडण्याच्या प्रक्रियेत त्याचा लिंगभाव माझ्या लेखी ठरवणारी गोष्ट नसते. एका वाक्यात सांगितले तर हे कोरडे वाटते, म्हणून दोन मैत्रिणींची कल्पना करू. दोघींनाही आजवर स्त्रिया आणि पुरुष दोन्ही आवडलेले आहेत. पहिली म्हणते, “मला मुलगा आवडतो तेव्हा जे वाटतं ते वेगळं असतं आणि मुलगी आवडते तेव्हाचं वेगळं. मुलांच्या बाबतीत मला त्यांचा आवाज, उभं राहण्याची ढब आधी जाणवते; मुलीशी मात्र आधी मैत्री होते, आणि मग कधीतरी कळतं की हे मैत्रीच्या पुढे गेलंय.” दुसरी म्हणते, “मला असं दोन तऱ्हेनं कधीच वाटलेलं नाही. जो माणूस मला हसवतो, ज्याच्याशी बोलताना वेळेचं भान राहत नाही, तो आवडतो. तो पुरुष आहे, बाई आहे की आणखी कोणी, हे मला दिसतं, पण त्यानं माझं आवडणं वाढत नाही की कमी होत नाही.” पहिली स्वतःला बाय म्हणवील आणि दुसरी पॅन म्हणवील, असा अंदाज बांधला तर तो बहुधा बरोबर ठरेल.

बहुधा, खात्रीने नव्हे. आणि इथे अनेक समजावणाऱ्यांची गाडी रुळावरून घसरते. दुसऱ्या मैत्रिणीसारखेच ज्यांना वाटते असे कितीतरी लोक स्वतःला बाय म्हणवतात. कोणी तो शब्द वयाच्या सोळाव्या वर्षी सापडल्यापासून वापरत असतो, कोणाला त्यामागची चळवळ आपली वाटते, आणि कोणाला घरच्यांना एवढा एक शब्द समजावतानाच नाकीनऊ आलेले असतात. तसेच पॅन म्हणवणाऱ्या एखाद्याला प्रत्यक्षात एखाद्या लिंगभावाची माणसे अधिक वेळा आवडत असतील, तर त्याने तो शब्द वापरू नये असे कोणी म्हणू शकत नाही. म्हणून हे दोन शब्द शेजारी-शेजारी असलेल्या दोन बंद खोल्या नाहीत. त्यांचा मोठा भाग सामाईक आहे. काही संस्था आणि अभ्यासक तर एकापेक्षा अधिक लिंगभावांविषयी आकर्षण वाटणाऱ्या सर्वांसाठी बाय हा छत्रीसारखा शब्द वापरतात आणि पॅनला त्याच्याखाली धरतात. ही सोय समजण्यासारखी आहे, मात्र ज्या व्यक्तीने विचारपूर्वक पॅन हा शब्द निवडला आहे तिला समोरासमोर “म्हणजे तू बायच की” असे म्हणणे योग्य नाही. वर्गीकरण अभ्यासासाठी असते. ओळख त्या माणसाची असते.

‘लिंगभाव ठरवणारी गोष्ट नसते’ याचा अर्थ ‘लिंगभाव दिसत नाही’ असा काही जण करतात. तो मात्र सोडून दिला पाहिजे. ज्या स्त्रीला आपले स्त्रीपण सिद्ध करण्यासाठी घराशी, शाळेशी, सरकारी कार्यालयाशी वर्षानुवर्षे झगडावे लागले, तिला तिचा जोडीदार “तू बाई आहेस की नाही याने मला काही फरक पडत नाही” असे म्हणाला, तर ते तिला प्रेमाचे वाक्य वाटेलच असे नाही. पॅन व्यक्ती समोरच्याचा लिंगभाव ओळखते, त्याचा मान राखते, योग्य सर्वनाम वापरते. तो तिच्या प्रेमाची अट होत नाही, इतकेच.

आता सर्वांत जास्त पसरलेल्या आणि सर्वांत जास्त इजा करणाऱ्या चुकीकडे वळतो. बाय लोकांना फक्त स्त्रिया आणि पुरुष आवडतात, पॅन लोकांना ट्रान्सजेंडर व्यक्तीही आवडतात, असे वाक्य मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतल्या लेखनात सर्रास दिसते. ते दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा जिचा लिंगभाव वेगळा असतो ती व्यक्ती ट्रान्सजेंडर, म्हणजेच ट्रान्स. ट्रान्स स्त्री ही स्त्री आहे आणि ट्रान्स पुरुष हा पुरुष आहे. स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात मान्य केलेला आहे. त्यामुळे एखाद्या भिन्नलिंगी पुरुषाला ट्रान्स स्त्री आवडली तर तो भिन्नलिंगीच राहतो, आणि एखाद्या लेस्बियन स्त्रीला ट्रान्स स्त्री आवडली तर ती लेस्बियनच राहते. या प्रेमासाठी वेगळ्या शब्दाची गरजच पडत नाही. वरील वाक्य बाय लोकांवर ट्रान्सद्वेषाचा आरोप लादते आणि त्याच वेळी ट्रान्स स्त्री-पुरुषांना स्त्री-पुरुषांच्या यादीतून बाहेर काढते. स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच नसलेल्या, म्हणजे नॉन-बायनरी व्यक्तींविषयी प्रश्न उरतो, पण त्याचे उत्तर ऑक्स यांच्या व्याख्येत आणि १९९० च्या जाहीरनाम्यात आधीच आलेले आहे: बाय व्यक्तीला त्याही आवडू शकतात. कित्येक नॉन-बायनरी व्यक्ती स्वतःच बाय आहेत.

हे सगळे समजायला जड जाते, कारण आकर्षणाकडे एका सरळ रेषेसारखे पाहण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्या सवयीला एका थोर संशोधकाचा हातभार लागलेला आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे आल्फ्रेड किन्सी हे मूळचे कीटकशास्त्रज्ञ. झाडांवर गाठी निर्माण करणाऱ्या एका जातीच्या गांधीलमाश्यांचे असंख्य नमुने त्यांनी गोळा केले होते, आणि एकाच जातीतले जीवही एकमेकांसारखे नसतात, ही दृष्टी घेऊनच ते माणसाकडे वळले. १९४८ मध्ये पुरुषांविषयी आणि १९५३ मध्ये स्त्रियांविषयी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांत शून्य ते सहा अशी मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे पूर्णपणे भिन्नलिंगी, सहा म्हणजे पूर्णपणे समलिंगी, आणि मध्ये पाच पायऱ्या. माणसांचे दोनच कळप नसतात हे त्यांनी जगाला दाखवले, आणि त्या काळात ते सांगायला धैर्य लागत होते. परंतु या पट्टीत एक अडचण आहे: तिच्यावर एका टोकाकडे सरकले की दुसऱ्या टोकापासून दूर जावेच लागते, म्हणजे स्त्रियांविषयीचे आकर्षण वाढले तर पुरुषांविषयीचे कमी झालेच पाहिजे. १९८० मध्ये मायकल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने या गृहीतकालाच हात घातला आणि दोन्ही आकर्षणे दोन स्वतंत्र अक्षांवर मोजावीत असे सुचवले. त्या आराखड्यात एखाद्याला दोन्हींविषयी तीव्र आकर्षण असू शकते, आणि एखाद्याला दोन्हींविषयी अगदीच कमी असू शकते. किन्सींच्या पट्टीवर पहिला माणूस ‘मधला’, म्हणजे अर्धा-अर्धा दिसतो. स्टॉर्म्स यांच्या आराखड्यात तो पुरेपूर दिसतो. बाय माणूस हा अर्धा समलिंगी आणि अर्धा भिन्नलिंगी असतो, हा समज जिथून येतो ती जागा हीच. पॅन व्यक्तीची अडचण आणखी पुढची आहे, कारण दोन अक्षही स्त्री आणि पुरुष यांच्याच नावाचे आहेत, आणि तिचे म्हणणे असे की माझे आकर्षण या अक्षांवर मोजण्याजोगे नाही. जनगणनेतल्या त्या हजारो लोकांनी तयार चौकट सोडून मोकळी जागा का निवडली असेल, याचा एक अंदाज मला इथे बांधता येतो.

ओळख आणि वागणे या दोन गोष्टीही एक नसतात, आणि भारतात हे सर्वांत आधी आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना कळून चुकले. एचआयव्हीच्या कार्यक्रमांत ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी शारीरिक संबंध ठेवणारे पुरुष, अशी कामाची संज्ञा वापरली जाते. तिच्यात कल किंवा ओळख मुद्दाम घेतलेली नाही, कारण असे संबंध असलेल्या अनेक पुरुषांची लग्ने झालेली असतात आणि ते स्वतःला गेही म्हणवत नाहीत आणि बायही म्हणवत नाहीत. त्यांना बाहेरून बाय हा शब्द चिकटवणे चूक आहे: त्यांच्यातील काहींना पत्नीविषयी कधीच आकर्षण वाटलेले नसते, घरच्यांनी लावून दिलेले लग्न ते निभावत असतात. याच्या उलट, ज्याचा अजून कोणाशीच संबंध आलेला नाही असा अठरा वर्षांचा मुलगा स्वतःला बाय किंवा पॅन म्हणून ओळखू शकतो. भिन्नलिंगी मुलाला आपल्याला मुली आवडतात हे कळायला प्रत्यक्ष अनुभव लागत नाही, तसाच यालाही लागत नाही.

बाय आणि पॅन या दोघांच्याही वाट्याला एक विशेष अडचण येते. गे किंवा लेस्बियन व्यक्तीची ओळख तिच्या नात्यावरून निदान दिसते. बाय स्त्री पुरुषाबरोबर राहिली की लोक तिला भिन्नलिंगी समजतात आणि स्त्रीबरोबर राहिली की लेस्बियन. तिचा स्वतःचा शब्द दोन्ही वेळा पुसला जातो. घरात हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. मुलगी धीर करून आईला सांगते, की मला मुलगे आवडतात तशा मुलीही आवडतात, आणि सध्या माझे एका मुलीवर प्रेम आहे. आई रडत नाही, ओरडत नाही; उलट तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. “अगं, मग अडचण कुठे आहे? तुला मुलगेही आवडतात ना? मग आपण चांगलं स्थळ बघू की!” आईच्या मनात वाईट काही नाही, तिला खरोखरच वाट सापडल्यासारखी वाटते. पण तिने मुलीचे पहिले वाक्य ऐकले आणि दुसरे ऐकलेच नाही. मुलीचे प्रेम ‘मुली’ नावाच्या गटावर नाही, एका ठरावीक मुलीवर आहे, आणि त्या मुलीच्या जागी एखादा इंजिनिअर मुलगा ठेवता येत नाही. जसा आईच्या काळात तिला आवडलेल्या मुलाच्या जागी दुसरा कोणी ठेवून चालले नसते. समलिंगी मुलामुलींवर लग्नाची सक्ती होते तशीच ही सक्ती आहे. फरक इतकाच की इथे ती ‘सोय’ म्हणून समोर येते, आणि म्हणून तिला नाही म्हणणे मुलीला जास्त कठीण जाते.

पॅन व्यक्तीच्या घरात गैरसमज वेगळे वळण घेतो. ‘सर्व’ हे ऐकले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘कोणीही चालेल’ असे भाषांतर होते, आणि त्यापाठोपाठ चंचलपणा, बाहेरख्यालीपणा, एकाच वेळी अनेक नाती अशा शंका येतात. भिन्नलिंगी बाईला जगातले झाडून सगळे पुरुष आवडत नाहीत, आणि आवडलेल्या एकाशी ती आयुष्यभर एकनिष्ठ राहू शकते, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. तेच बाय आणि पॅन व्यक्तींनाही लागू आहे. कोणाविषयी आकर्षण वाटू शकते हा कलाचा प्रश्न आहे. एका वेळी किती नाती ठेवावीत हा नात्यातल्या माणसांनी आपसांत ठरवण्याचा प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक कलाच्या माणसांपुढे सारखाच असतो.

अविश्वास दोन्हीकडून येतो ही यातली खरी जखम आहे. भिन्नलिंगी लोक म्हणतात, हे वय आहे, जाईल. समलिंगी मित्रांपैकी काही म्हणतात, पूर्ण सत्य सांगायची हिंमत नाही म्हणून हा मधला शब्द. निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यासांत असे आढळले आहे, की बाय व्यक्तींमध्ये चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण भिन्नलिंगी लोकांपेक्षा जास्त आहे आणि बऱ्याचदा गे-लेस्बियन व्यक्तींपेक्षाही जास्त आहे. अभ्यासक याचा संबंध या दुहेरी नाकारण्याशी आणि लपवून जगण्याच्या ताणाशी लावतात. आपल्याकडे निदान एक चांगले उदाहरण आहे: १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेला ‘स्त्री संगम’ हा गट, जो पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला, तो लेस्बियन आणि बायसेक्शुअल अशा दोन्ही स्त्रियांचा गट होता. आधी सिद्ध करा आणि मग या, असे ज्यांना ऐकावे लागते त्यांच्यासाठी अशा जागेचे मोल फार मोठे असते.

दुर्दैवाने गेल्या काही वर्षांत बाय आणि पॅन यांच्यातच वाद पेटताना दिसतात, विशेषतः तरुण मुलांमध्ये. एक बाजू म्हणते, बाय हा जुनाट आणि संकुचित शब्द आहे. दुसरी म्हणते, पॅन हे नवे खूळ आहे, आम्ही तीस वर्षांपूर्वी सांगितले तेच हे नव्या नावाने सांगतात. मला या दोन्ही आरोपांत तथ्य वाटत नाही. बाय या शब्दाला मोठा इतिहास आहे, त्यासाठी लोकांनी नोकऱ्या आणि नाती पणाला लावली आहेत, आणि त्याला परस्पर ट्रान्सविरोधी ठरवणे हा त्या इतिहासावर अन्याय आहे. पॅन हा शब्द काही माणसांना स्वतःचा अनुभव अधिक नेमकेपणाने सांगू देतो, आणि नेमकेपणाची ओढ हे खूळ नव्हे. पॅन असणे हे बाय असण्याच्या पुढचे किंवा अधिक निर्मळ प्रेम आहे, अशी जी सूचना कधीकधी केली जाते ती तर मुळीच मान्य करण्याजोगी नाही. ज्याला पुरुषांतले पुरुषपण आवडते त्याचे प्रेम त्यामुळे उथळ होत नाही.

दोन्ही ओळखींची चिन्हे आणि दिवस वेगळे आहेत. बाय झेंडा मायकल पेज यांनी १९९८ मध्ये तयार केला. त्यात वर गुलाबी, खाली निळा आणि दोन्ही मिळून होणारा जांभळा मध्ये आहे. पॅन झेंडा २०१० च्या सुमारास आला, त्यात गुलाबी, पिवळा आणि आकाशी निळा असे पट्टे आहेत, आणि पिवळा पट्टा स्त्री-पुरुष यांपलीकडच्या लिंगभावांसाठी आहे. बाय दृश्यता दिवस २३ सप्टेंबरला १९९९ पासून पाळला जातो, तर पॅन दिवस २४ मे रोजी असतो.

ज्याला अजून स्वतःचा शब्द सापडलेला नाही त्याने काय करावे, असा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत बऱ्याचदा येतो. तिथे ‘तू बाय की पॅन’ या प्रश्नाने सुरुवात केली तर संभाषण लवकर संपते. त्याऐवजी आजवर कोण आवडले, ते आवडणे कसे होते, प्रत्येक वेळी ते एकसारखे होते का, समोरच्या व्यक्तीचा लिंगभाव त्यात कितपत होता, असे विचारले तर माणूस स्वतःच उत्तराजवळ येतो. काही जण दोन्ही शब्द वापरतात: घरी बाय, कारण तो समजावणे त्यातल्या त्यात सोपे, आणि मित्रांत पॅन. काही जण ‘क्वीअर’ (रूढ चौकटीबाहेरच्या सर्व ओळखींसाठीचा सैल शब्द) एवढेच म्हणतात, तर काहींना कोणताच शब्द नको असतो. शब्द पुढे बदलला तर आधीचा खोटा होता असे होत नाही. आणि पालकांना सांगायचे तर, मुलाने जो शब्द वापरला तोच आपणही वापरावा, व्याख्या कळली नाही तर “तुझ्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते मला सांग” असे म्हणावे. इंटरनेटवर वाचलेली व्याख्या त्याच्यासमोर ठेवून त्याची परीक्षा घेऊ नये.

कायद्याच्या दृष्टीने मात्र बाय आणि पॅन यांच्यात काहीच फरक नाही, कारण भारताचा कायदा व्यक्तीचा कल पाहून नव्हे तर जोडीदार कोण आहे ते पाहून चालतो. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३७७ सारखे कलम ठेवलेले नाही. लग्नाचा प्रश्न मात्र तसाच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्याच निकालात, भिन्नलिंगी नात्यातील ट्रान्सजेंडर व्यक्तींना सध्याच्या कायद्यांनुसार लग्न करता येते, हेही स्पष्ट केले. परिणामी वरच्या प्रसंगातल्या मुलीने उद्या एखाद्या मुलावर प्रेम केले तर विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन तिला रीतसर लग्न करता येईल. आज ज्या मुलीवर तिचे प्रेम आहे तिच्याशी करता येणार नाही. तिचा कल दोन्ही वेळा तोच असेल.

आणखी एक तरतूद प्रत्येक घराला माहीत असायला हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसोपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सर्व राज्य वैद्यक परिषदांना कळवले, की कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे. “दोन्ही आवडतात म्हणजे अर्धे काम झालेलेच आहे, उरलेले औषधाने होईल” असे सांगून बाय किंवा पॅन मुलामुलींना गोळ्या देणारा नोंदणीकृत डॉक्टर या व्याख्येत बसतो, आणि त्याच्याविरुद्ध राज्याच्या वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते.